पेज पातळ काऊन होते

८ ऑक्टोबर २०१७, रविवार

आणलं बाबांना एकदाचं. अकोल्याच्या दवाखान्यातून थेट खामगावला, माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत. माय गावी, सोनाळ्यालाच न्यायचं म्हणून अडून बसली होती. मी म्हटलं, तिथं काही झालं तर डॉक्टर काय शेतातून उगवणार आहे? मग तिनं पिशवी उचलली. घरमालकीण अमीरबींचा मुलगा आणि रिक्षावाला, दोघांनी मिळून बाबांना खुर्चीत बसवून जिना चढवला. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर ज्यांची हाक जायची ते बाबा आता नुसते कुजबुजतात.

खाली अमीरबींनी विचारलं, "काय झालं बेटा बाबाले?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "लकवा."

लकवा कुठला! यंदा कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. बीटी आहे, अळी येत नाही, असं दुकानदारानं सांगितलेलं, आणि बोंडं फोडली तर आत गुलाबी अळ्या. बाबांनी दोन औषधं एकत्र कालवली, पंप पाठीवर घेतला, वारा फिरला आणि सगळा फवारा अंगावर आला. पुढे श्वासाचं मशीन, घशात नळी, सगळं झालं. पण "औषध" म्हटलं की लोक तोंडानं अरेरे म्हणतात आणि डोळ्यांनी विचारतात, फवारताना अंगात गेलं की मुद्दाम पेला? ते डोळे मला नको होते. मी भौतिकशास्त्र शिकवते, मुलांना खरं लिहा म्हणते, आणि जिन्यात उभी राहून खोटं बोलले. मायनं ऐकलं. 

नळी निघाली, पण घसा गिळायचं विसरलाय. पातळ काही दिलं की ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं. म्हणून पाणी नाही, चहा नाही, वरणाचं पाणीही नाही. पेजच द्यायची, ती ठरलेल्या घट्टपणाची, आणि पाणीसुद्धा कॉर्नफ्लॉवर शिजवून घट्ट केलेलं.

गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या महनूर मॅडमनी निघताना पिचकारीची परीक्षा शिकवली. सुई काढलेली पिचकारी दहाच्या रेघेपर्यंत पेजेनं भरायची, खालचं तोंड बोटानं दाबायचं, बोट सोडून दहा सेकंद थांबायचं. आठ किंवा जास्त उरली तर चालेल. कमी उरली तर द्यायची नाही. मी म्हटलं, मॅडम, ही तर विष्यंदिता, द्रवाचा घट्टपणा, मी अकरावीला शिकवते. मग मीच त्यांना मध आणि पेज यांतला फरक सांगत बसले. त्या मध्येच चमचा-वाटीचं काहीतरी सांगत होत्या. माय दारात होती. "मले बी सांगा ना," म्हणाली. मी म्हटलं, तू बाबांजवळ बस, मला कळलंय.

१० ऑक्टोबर

पेज जमली! तांदळाचं पीठ, मंद आच, गुठळी नाही. पिचकारीत साडेआठ उरली. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली.

मायनं विचारलं, "पेज काय पेट्रोल हाये का, मोजाले?"

मी तिला समजावलं. मध कसाही ढवळ, हळू ढवळ की जोरात, तो तेवढाच घट्ट राहतो. पेज तशी नसते. जोरात ढवळली की सैल होते, ठेवून दिली की पुन्हा धरते. गरम असते तेव्हा पातळ, निवली की दाट. म्हणून नुसतं डोळ्यांनी पाहून भागत नाही. किती उष्ण असताना मोजली, ढवळल्यावर लगेच मोजली की थांबून, हे सगळं धरावं लागतं. पदार्थ किती घट्ट आहे असं विचारायचंच नाही, त्याला किती जोर लावला तर तो किती वेगानं वाहतो असं विचारायचं.

माय म्हणाली, "एवढं त तुह्या बाबाले बी नाई इचारलं कोनं लग्नाच्या वक्ती." बाबा हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले. त्या दवाखान्यानंतर पहिल्यांदा हसले.

भरवते मायच. माझ्या हातून बाबा लाजतात. ती चमचा भरते, अर्धा देते, ओठावर राहिलेलं चमच्याच्या कडेनं पुसून घेते, वाटीत ढवळते, पुढचा घास. एक वाटी संपायला खूप वेळ लागतो. मी तेवढ्यात पेपर तपासते.

१३ ऑक्टोबर

आज वर्गात काचेच्या नळीत ग्लिसरीन घेऊन छर्रे सोडले. छर्रा सुरुवातीला वेग घेतो आणि मग एका ठरलेल्या वेगानं खाली जातो, ओढ आणि विरोध सारखे झाले की. पोरं नेहमी याला हसतात, छर्रा किती निवांत जातो म्हणून. मला आज हसू आलं नाही. पाण्याचा थेंब घशातून किती भरकन जात असेल याचाच विचार डोक्यात.

१४ ऑक्टोबर

बाबांना ठसका लागला. जेवणाच्या शेवटी, वाटीत चार चमचे राहिले असताना. चेहरा काळानिळा. मी पाठ चोळली, पुढं वाकवलं, माय नुसती "अहो, अहो" करत उभी. दुपारी अंगात कणकण, संध्याकाळी चांगलाच ताप.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात गेलंय थोडं. गोळ्या दिल्या. वर म्हणाले, पुन्हा असं झालं तर नाकातून पोटात नळी घालावी लागेल, आणि या वयात पुन्हा न्यूमोनिया झाला तर मी काही शब्द देत नाही.

घरी येऊन मी ती उरलेली वाटी पाहिली. पेज कसली, तांदळाचं धुवण! पिचकारीत भरली आणि बोट काढलं तर भस्सकन गेली सगळी. सकाळी मीच मोजली होती. साडेआठ.

म्हणजे मध्ये कुणीतरी पाणी घातलं.

१५ ऑक्टोबर

बाबा दिवसभर पाणी मागतात. "एक घोट. एकच." घट्ट केलेलं पाणी दिलं की तोंड फिरवतात. कुणालाही पाझर फुटेल. मायला फुटतो हे मला माहीत आहे. सकाळी मी आंघोळ करून आले तर ती ओला फडका त्यांच्या ओठांवर फिरवत होती. मला पाहून फडका मागं लपवला. लपवला म्हणजे काय समजायचं माणसानं?

आज पेज मी मोजून दिली. अर्ध्या वाटीनंतर पुन्हा मोजायला मागितली. पातळ. शेवटी अजून पातळ. मी स्वयंपाकघरात होते तेवढ्यातच काहीतरी होत असणार. बाबा दोनदा खोकले.

१६ ऑक्टोबर

कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली. आणि आज मी नको ते बोलले. नको ते म्हणजे, खरं तेच, पण ज्या आवाजात बोलले तो आवाज नको होता.

मी विचारलं, "माय, पेजेत पाणी टाकते का तू?"

"नाई वं."

"मग पातळ कशी होते? आपोआप?"

"मले काय ठावं? तूच मोजते."

मोजते, म्हणूनच तर बोलते! मग माझी गाडी सुटली. तुझी माया त्यांच्या जिवावर उठलीय, म्हटलं. डॉक्टर काय म्हणाले ते तुझ्या कानात शिरत नाही, म्हटलं. आयुष्यभर तुम्ही लोकांनी सगळं अंदाजानं केलं, औषधसुद्धा अंदाजानं कालवलं, म्हणून आज ही वेळ आली, म्हटलं. हे शेवटचं बाबांनी ऐकलं. पलंगावरून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

मायनं त्यांच्या पाठीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हाव. म्याच टाकलं पानी. आता बस झालं."

कबूल केलं म्हणजे माझा राग जायला हवा होता. गेला नाही. मी म्हटलं, तू काही दिवस सोनाळ्याला जा. कापूस वेचायला आलाय, तोही बघायला हवा. मी करते बाबांचं.

१७ ऑक्टोबर

सकाळच्या एसटीनं माय गेली. पिशवीत एक लुगडं आणि भाकरी. स्टँडवर म्हणाली, "घास देतांनी त्याइची मान जराशी खाली ठेवजो." हे मला माहीत होतं. मी हो म्हटलं.

अमीरबींनी विचारलं, माय कुठं गेली? मी म्हटलं, शेतावर. निदान हे तरी खरं होतं.

बाबा तोंड उघडतात, गिळतात, मिटतात.

१९ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

कॉलनीभर फटाके. खिडक्या लावून घेतल्या, धुरानं बाबांना त्रास होतो.

पेज मी शिजवली, मी मोजली, मीच भरवली. नऊ उरली होती, चांगली घट्ट. वाटीजवळून मी हललेसुद्धा नाही. आणि शेवटच्या घासांना ठसका लागला.

पाठ चोळली, पुढं वाकवलं. ठसका गेला. ताप आला नाही, अजून तरी. वाटीत बघायची मला भीती वाटत होती. बघितलं. पातळ.

घरात तिसरं माणूस नाही.

२० ऑक्टोबर

दिवसभर एकच विचार. पाणी कुणी टाकलं नाही, तर मग काय? आधी वाटलं, ढवळण्यामुळं. पेज ढवळली की सैल होते हे मीच मायला पोपटासारखं सांगितलं होतं. एका वाटीत पेज घेतली, स्वच्छ चमच्यानं खूप ढवळली. सैल झाली. ठेवून दिली, पुन्हा धरली. मोजली, जवळजवळ होती तेवढी. म्हणजे ढवळणं नाही.

निवण्यामुळं? निवल्यावर तर दाट व्हायला हवी. तीही तशीच झाली. पातेल्यातली उरलेली पेज तर दह्यासारखी बसली होती. तीच पेज वाटीत पाणी होते आणि पातेल्यात दही. भौतिकशास्त्र संपलं माझं.

बाबा झोपले होते. मला भूक लागली होती म्हणून मी पातेल्यातलीच थोडी वाटीत घेतली, दोन चमचे खाल्ले, जाईना म्हणून तशीच ठेवली. कपड्यांना इस्त्री करून परत आले तर माझ्या वाटीत पाणी.

मी त्या वाटीतला उष्टा चमचा उचलून पाहिला.

थुंकी. आठवीतल्या पोरालाही येतं, लाळेनं पिष्ट फुटतं. पेजेचा सगळा घट्टपणा त्या पिष्टाचा. उष्टा चमचा पुन्हा पुन्हा वाटीत जातो, प्रत्येक घासाबरोबर जरा जरा लाळ जाते, आणि बाबांना एक वाटी संपवायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात ती फुटून जाते. सुरुवातीला साडेआठ, शेवटी पाणी. मी फक्त सुरुवात मोजली. शेवट मोजला तेव्हा त्याला मायचं नाव दिलं.

खात्री म्हणून पुन्हा करून पाहिलं. एका वाटीत उष्टा चमचा, एका वाटीत स्वच्छ. तेच झालं. मनातून मला ते व्हायला नको होतं. तिनंच पाणी टाकलेलं असावं असं मला वाटत होतं, म्हणजे मी किती नीच आहे बघा.

२१ ऑक्टोबर

महनूर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, मी सांगितलं होतं ना? थोडी थोडी वेगळ्या वाटीत काढून घ्या, उष्टा चमचा मोठ्या वाटीत घालू नका, बहुतेकांची तिथंच गडबड होते." मी म्हटलं, हो, आठवलं. आठवलं काहीच नव्हतं. मी त्यांना मध शिकवत होते तेव्हा. आणि माय दारात उभी राहून "मले बी सांगा" म्हणत होती.

पण मायनं कबूल का केलं? टाकलंच नाही तर "म्याच टाकलं" काऊन म्हणाली?

बाबांना सांगितलं सगळं. म्हटलं, चूक माझी होती, मायची नाही. त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं. मग कुजबुजले, "जाय. घेऊन ये तिले." मग थोड्या वेळानं, "औषध म्या अंदाजानंच कालवलं व्हतं. तू खरंच बोलली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते वाक्य त्यांनी इतके दिवस उशाशी घेऊन काढले.

२२ ऑक्टोबर, रविवार

अमीरबींना बाबांजवळ बसवलं. जाण्याआधी सांगितलं, लकवा नाही, फवारणीचं औषध अंगावर आलं. त्या म्हणाल्या, "मले ठाऊक हाये बेटा. तुह्या मायनं पयल्याच दिवशी सांगतलं." म्हणजे माझं खोटं पंधरवडाभर त्यांनी झाकून ठेवलं होतं. बरं, पेज वेगळी वाढून ठेवली, चमचे दाखवले आणि सोनाळ्याची गाडी धरली.

माय शेतात होती. कमरेला ओटी बांधलेली, एकटीच वेचत होती. बोंडं अर्धी किडकी, कापूस पिवळा पडलेला, बोटांना लागेल तेवढाच खुडत होती. मला पाहून पहिल्यांदा विचारलं, "बरे हायेत ना ते?"

"बरे आहेत. माय, पाणी कुणीच टाकलं नव्हतं. उष्ट्या चमच्यानं पेज पातळ होते. मी भरवली तरी झाली."

ती वेचता वेचता थांबली. "उष्ट्यानं?"

"हो, लाळेनं."

"अगं माय! मंग त्याइनं नाई पेलं पानी?"

मला कळेना. "बाबांनी? बाबा कुठून पितील?"

तिनं ओटीतला कापूस गाठोड्यात ओतला आणि बांधावर बसली. म्हणाली, "मले वाटलं तेच पेऊन राह्यले. तू न्हानीत गेली अन् मी जराशी हलली का हात लांबवत असतीन, तांब्यातलं पानी वाटीत टाकत असतीन, म्हणजे दिसलं तरी पेज दिसन. तहान लय वाईट असते वं. मले काई दिसलं नाई, पन म्या नाई टाकलं त मंग दुसरं कोन?"

"मग मला सांगायचं ना तसं!"

"तुले?" ती माझ्याकडं बघून हसली, पण ते हसू नव्हतं. "तुले सांगतलं असतं त तू त्याइले बोलली असती. मले बोलली तशी. माह्यं काय, मी आयकून घेतो. त्याइनं घासच सोडला असता. माह्यावर घेतलं त कोनाचं काय गेलं?"

मी तिच्या पायाजवळ बसले. ढेकळं टोचत होती. रडायला आलं तर रडले. मायनं डोक्यावरून हात फिरवला नाही, तशी ती कधीच फिरवत नाही. म्हणाली, "चाल, उठ. दोन वळी राह्यल्या, त्या वेचू लाग. एसटीले वेळ हाये."

मी वेचला कापूस. बोंडांची टोकं बोटांत घुसतात हे मी विसरले होते. लहानपणी मी कापसावर जायला लाजायचे, पुस्तक घेऊन घरी बसायचे, आणि माय म्हणायची, राहू दे, ती शिकून राह्यली.

घरी बाबांनी तिला पाहिलं आणि डोळे पुसले. माय म्हणाली, "काऊन रडता? मले काय मारलं कोनं?"

२४ ऑक्टोबर

आता मोठ्या वाटीला कुणी हात लावत नाही. माय तिच्यातून स्वच्छ पळीनं दोन घास छोट्या वाटीत काढते, ते संपले की वाटी आणि चमचा विसळून पुन्हा काढते. शेवटचा घासही पहिल्याइतकाच घट्ट. मी मोजला. आणि मोजताना आज पहिल्यांदा मायला पिचकारी धरायला दिली. तिचं बोट माझ्यापेक्षा स्थिर आहे. "आठ," ती म्हणाली. साडेआठ होते. मी आठच म्हटलं. मग राहवलं नाही, साडेआठ म्हणून दुरुस्त केलं. माझा स्वभाव!

डॉक्टर म्हणाले छाती साफ आहे, नळीचं नाव काढायची गरज नाही. दोन महिन्यांत घसा सावरेल, कदाचित आधीच. बाबांचा आवाज किंचित भरलाय. मला म्हणाले, "यंदाची पऱ्हाटी उपटून हरभरा पेरू." मी म्हटलं, आधी पेज संपवा.

मला वाटलं, झालं. सगळं जागेवर आलं. मायला सॉरी म्हणून झालं, बाबांना म्हणून झालं, अमीरबींना खरं सांगून झालं.

संध्याकाळी माय भरवत होती, मी दारात बसून पेपर तपासत होते. खालून अमीरबींच्या फोडणीचा खकाणा वर आला आणि बाबा खोकले. साधा खोकला, मलाही आला होता. मी मान वर केली. फक्त वर केली.

माय हातातला चमचा तसाच धरून घाईघाईनं म्हणाली, "म्या पानी नाई टाकलं वं."